मैदानावर गेलिक चालवायची असेल तर

चि. स अनेक आशीर्वाद.

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला, गेलिक या तिथल्या जुन्या भाषेच्या माध्यमातून शिकणाऱ्या मुलांसाठी, शाळा सुटल्यावर खेळाचे तास घ्यायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. स्काय बेटावरच्या साव्हल मोर ओस्तेग कॉलेजात गेलिक शिकायला तू वर्षभर राहिलीस, तेव्हा घरचे तुला वेड्यात काढत होते. आता बोलू देत.

तुझा आराखडा वाचला. भिंतीवर लावायचे तक्ते, खेळातल्या शब्दांची यादी आणि शेवटी प्रश्नमंजूषा. यातलं निम्मं काढून टाक. ही पोरं सकाळपासून गेलिकमध्येच गणित आणि इतिहास शिकून आलेली असतात. साडेतीन वाजता त्यांना आणखी एक वर्ग कशाला हवाय?

दुखणं कुठे आहे ते आधी बघ. १९८५ साली ग्लासगो आणि इन्व्हरनेसमध्ये गेलिक माध्यमाचे पहिले वर्ग सुरू झाले आणि शाळांनी आपलं काम केलं. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे जवळपास ७० हजार निघाले, म्हणजे २०११ पेक्षा जास्त. पण ही वाढ बेटांबाहेरची आहे. जिथे ही भाषा चुलीपाशी बोलली जायची त्या पश्चिमेच्या बेटांवर हेच प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आलं. एडिनबराचे भाषा-अभ्यासक स्टुअर्ट डनमोर यांनी या माध्यमातून शिकून मोठ्या झालेल्यांचा अभ्यास केला, तर त्यातल्या बऱ्याच जणांच्या रोजच्या बोलण्यात गेलिक फारशी उरलेलीच नव्हती. मुलं बाईंशी गेलिक बोलतात आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राशी इंग्रजी. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तू हेच पाहिलं आहेस. आजीला मराठीत उत्तर देणारा पोरगा मधल्या सुट्टीत भावाशी इंग्रजीत भांडतो.

म्हणून तुझ्या तासाचं काम एवढंच, की मुलांनी एकमेकांशी गेलिक बोलावं. शब्दसंग्रह वाढला तर चांगलंच, पण त्याच्या मागे लागू नकोस.

खेळ कोणता, हा तुझा पहिला प्रश्न. तुला शिंटी हवी आहे, कारण तो स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्सचा हॉकीसारखा खेळ, वाकड्या टोकाची काठी, १८९३ साली किंगुसी गावात स्थापन झालेली त्याची संघटना आणि त्या गावाची शेजारच्या न्यूटनमोरशी पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस. इन्व्हरनेसच्या आसपास शिंटी खरोखर खेळली जाते, तेव्हा जरूर घे. (लहानांना प्लास्टिकच्या काठ्या आणि मऊ चेंडू दे. पालकांची झोप उडवू नकोस.) मात्र वारशाच्या प्रेमात पडू नकोस. लुइस बेट गेलिकचा बालेकिल्ला आहे आणि तिथली पोरं फुटबॉलवर जीव टाकतात. कोमन ना गालिक ही संस्था गेलिक माध्यमाच्या प्राथमिक शाळांसाठी देशपातळीवर स्पर्धा भरवते, तीही फुटबॉलचीच. पोरांना जो खेळ सोडवत नाही तो तुझा खेळ.

आता प्रत्यक्ष मैदानावर. फेऱ्या मारणं, रांगेत उभं राहून एकेक फटका मारणं, हे मुक्याने होतं. असे सराव कमी कर. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याने आवाजाने त्याला चेंडूपर्यंत न्यायचं, असे खेळ लाव. गोलरक्षकाला बचावफळी हलवायची जबाबदारी दे, तो गप्प बसूच शकणार नाही. मध्यंतरात तू बोलू नकोस. पुढच्या अर्ध्यात काय करायचं ते त्यांनी आपसात ठरवायचं, तू पाण्याच्या बाटल्या भर. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंना समालोचनाला बसव. बीबीसी अल्बा ही गेलिक वाहिनी २००८ पासून चालू आहे, शिंटी आणि फुटबॉलचं गेलिक समालोचन पोरांच्या कानावर असतं. त्याची नक्कल करायला त्यांना सांगावंसुद्धा लागणार नाही.

मैदानावर सगळ्यात जास्त ओरडली जातात ती नावं. गेलिकमध्ये हाक मारताना नाव बदलतं. शेमसला हाक 'अ हेमिश' अशी जाते आणि मारीला 'अ व्हारी'. वर्गात हे शिकवायला आठवडे जातात, तरी वहीत चुका राहतात. पास हवा असला की पोरगा तेच तासाभरात चाळीसदा बरोबर ओरडतो. सोबत 'शुअद' (चल, हाण!) आणि 'ग्रेस ओर्श्त' (लवकर!) असल्या पाच-सहा आरोळ्या पुरेत. पहिल्या दिवशी त्या तूच ओरड, घसा बसेपर्यंत.

इंग्रजी बोललं की दंड, पाच जोर काढा, असलं काही करू नकोस. अशाने पोरं गप्प होतात किंवा तुझ्या पाठीमागे इंग्रजी बोलतात, आणि भाषा म्हणजे शिक्षा हे डोक्यात बसतं ते वेगळंच. त्यांनी इंग्रजीत विचारलं तर तू गेलिकमध्ये उत्तर दे आणि खेळ पुढे ने. आणखी एक, जे आराखड्यात लिहिता येत नाही. मुलांना चिडवायचे आणि फुशारकीचे शब्द लागतात. वर्गातल्या गेलिकमध्ये ते नसतात, म्हणून भांडण सुरू झालं की भाषा बदलते. बेटांवरून आलेला एखादा आजोबा गाठ आणि त्याच्याकडून सौम्य, खणखणीत असे दहा-बारा टोमणे घे. मुख्याध्यापिका नाक मुरडतील, मुरडू देत.

बाहेरगावचा सामना असला की बसमध्ये कोण कुठे बसतं याकडे लक्ष ठेव. हायलँड्समध्ये सामन्यापेक्षा प्रवासच लांब असतो आणि बोलणं तिथेच होतं. चांगलं गेलिक बोलणारी दोन मुलं पुढे तुझ्या शेजारी बसली, तर मागची सगळी बस इंग्रजीत जाते. त्यांना मागे पाठव.

तुझी खरी अडचण माणसांची आहे. खेळ येतो त्याला गेलिक येत नाही, गेलिक येते त्याच्याकडे प्रशिक्षणाचा दाखला नाही. माध्यमिक शाळेतली थोरली मुलं हाताशी धर. दहा वर्षांच्या पोराला तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांच्या खेळाडूसारखं बोलायचं असतं. दाखल्यांचं आणि सुरक्षेच्या तपासणीचं तू बघ, मैदान त्यांच्या हाती दे. आणि तुझी गेलिक शिकलेली आहे, घरची नाही, याचा संकोच धरू नकोस. एखाद्या पोराने तुझं वाक्य दुरुस्त केलं तर सगळ्यांसमोर करू दे.

इंग्रजी माध्यमातली चार पोरं येऊ म्हणतात, असं लिहिलंयस. घे, पण एकदम सगळी घेऊ नकोस. दोन आली तर ती पुढच्या महिन्यात गेलिकमध्ये ओरडायला लागतील, दहा आली तर तुझा अख्खा संघ इंग्रजीवर जाईल.

अनुदानाच्या अर्जात हजेरीचे आकडे मागतील, ते द्यावेच लागतात. त्याशिवाय तुझ्यापाशी एक वही ठेव. गोल झाल्यावर, पडल्यावर आणि भांडताना कोण कोणत्या भाषेत ओरडलं, एवढंच दर आठवड्याला दोन ओळींत लिही. नाताळपर्यंतची पानं फोटो काढून पाठव, मग पुढच्या सत्रात संघ कसे पाडायचे ते फोनवर ठरवू.

तुझा,
काका