एकच वस्तू घे, पण वर्षभर घे

अगं,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, बिलाचा फोटो आणि खाली "मावशी सगळं फेक आहे, मी सोडतेय". बिल नीट बघितलं. डाळ, तांदूळ, तेल, मध, हळद, ओट्स, सगळं ऑरगॅनिक आणि सगळं एकाच महिन्यात. असं केल्यावर कोणीही दमेल. विषमुक्त का खायचं हे तुला समजवत बसत नाही, 2017 ला यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा तू अकरावीत होतीस आणि त्या बातम्या तूच मला पाठवत होतीस. विष आपल्या ताटात यायच्या आधी फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं, हे तेव्हा तूच म्हणाली होतीस.

म्हणून एकच सांगते. एकच वस्तू घे, एकाच शेतकऱ्याकडून घे, पण वर्षभर घे.

लोगोचं म्हणशील तर बघावाच. जैविक भारतचा, म्हणजे ऑरगॅनिक मालावरचा सरकारी लोगो असेल तर त्यामागे बाहेरच्या संस्थेची तपासणी असते नाहीतर पीजीएस, म्हणजे निदान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. पण रासायनिक बंद केलं की लगेच ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही, हंगामी पिकाला 2 वर्षं आणि फळबागेला 3 वर्षं थांबावं लागतं. त्या काळात उत्पन्न बऱ्याचदा घटतं, तण वाढतं, मजुरी वाढते आणि भाव मात्र साधाच मिळतो. म्हणजे ज्याच्याकडे लेबल नाही त्यालाच गिऱ्हाईक सगळ्यात जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण लेबल नाही म्हणून त्याचा माल घेत नाही!

हे मला कळायला फार उशीर झाला. करवीर तालुक्यातल्या एका काकांकडून मी गूळ घ्यायचे, वर्षाचा 20 किलो. त्यांच्या गुऱ्हाळावर गेले होते, काहिलीत रस उकळत होता, गुळव्या रानभेंडीचं चिकट पाणी ओतून वर आलेली मळी झाऱ्याने काढत होता, बाकी त्यात काही नाही. पिवळाधमक रंग यायला हायड्रोस नावाची रासायनिक पावडर टाकतात ती काकांनी बंद केली होती. ढेप तपकिरी, जवळजवळ काळपट, पावसाळ्यात तिला पाणी सुटायचं आणि बोट लावलं की चिकटायचं, पण वास असा की डबा उघडला की स्वयंपाकघरभर. दोन वर्षं घेतला. तिसऱ्या वर्षी घरात लग्न होतं, सगळे म्हणाले सारण काळं दिसतं, मी बाजारातून पिवळा आणला आणि काकांना साधा फोनही केला नाही. पुढच्या सीझनला केला तर म्हणाले, "ताई, काळा गूळ कोण घेतंय. पावडर टाकली परत."

आता तू म्हणशील एका गिऱ्हाइकाने काय होतं. मीही स्वतःला तेच सांगितलं, त्यांच्यावर कर्ज होतं, व्यापारी रंग बघूनच भाव करतो, माझ्या 20 किलोने काय फरक पडला असता. खरंच आहे ते, आणि त्या वर्षी लग्नाचा खर्चही होता, मी काही मुद्दाम केलं नाही. पण त्यांनी वर्षभराच्या हिशोबात माझे 20 किलो धरले होते आणि मी ते न सांगता काढून घेतले, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हापासून गुळाच्या बाबतीत मी हट्टी झालेय. दुसरे शेतकरी शोधले, दरवर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी निम्मे पैसे देते, रंग कसाही आला तरी घेते, पाहुणे नावं ठेवतात त्यांना ठेवू दे.

तर तू ते ओट्स आणि मध सोड, खुशाल सोड, त्याचं मला काही नाही. पण डाळ सोडू नको. महिन्याला दोन किलो लागते ना तुम्हा दोघींना? मग 24 किलोचा शेतकरी शोध, त्याला सरळ विचार काय फवारलं, कधी फवारलं, बियाणं कुठलं, आणि तो "एकदा फवारावं लागलं" म्हणाला तर लगेच फोन ठेवू नको. खरं बोलणारा माणूस मिळाला म्हणून पुढचं विचार. आणि वर्षभर घे. भाव पडला तरी, दुकानात ऑफर लागली तरी.

दोन आठवड्यांनी परत "मावशी कंटाळा आला" असा मेसेज केलास तर मी चिडणार आहे हे आत्ताच सांगते.

शनिवारी ये. नवी ढेप आलीय, फोडून ठेवते, येताना डबा आण, स्टीलचा, घट्ट झाकणाचा.

मावशी