जुन्या वाड्यात लिफ्ट बसवताना भिंतीला हात लावू नये

आपला वाडा उदगीरच्या जुन्या वस्तीत आहे, भिंती दगडमातीच्या, वर माळवद म्हणजे मातीचे सपाट छत, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईंना माडीवर जाता येत नाही. ओसरीच्या कोपऱ्यातली भिंत फोडून तेथे सिमेंटचे चार कॉलम उभे करावेत आणि त्यांत लिफ्ट बसवावी, असे ठेकेदाराने सुचवल्याचे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ती भिंत फोडू देऊ नये. लिफ्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तिचा भार वाड्यावर पडता कामा नये आणि तिच्यासाठी एकही खांब किंवा तुळई कापली जाता कामा नये.

आपल्याकडची दोन-अडीच फुटी भिंत एकसंध दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती दोन पदरांची असते. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड दगड आणि मध्ये माती व कपच्यांचा भराव अशी तिची रचना असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फार थोडे असतात, म्हणून खालचे चार दगड काढले की भराव ओघळू लागतो आणि वरचा भाग सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात नेमके हेच पदर सुटले आणि माळवदाच्या जड मातीसह झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, हे विसरता येत नाही. त्याच भूकंपात अनेक घरांच्या भिंती पडल्या तरी खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला व त्याच्या आडोशाने माणसे वाचली. त्या सांगाड्याला म्हणूनच मी इतके जपायला सांगतो.

जिन्यावर रुळाने सरकणारी खुर्ची हा स्वस्त पर्याय खरा, परंतु वाड्याचा जिना बहुधा भिंतीच्या जाडीतच काढलेला, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असतो. तेथे तिचा उपयोग होत नाही. लिफ्टसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे चौकाचा किंवा परसाचा कोपरा, जेथून माडीच्या सज्जात थेट उतरता येईल. तशी जागा नसेल तरच कडीपाटातून, म्हणजे लाकडी कड्या व फळ्यांच्या छतातून, मार्ग काढावा, तोही दोन तुळयांमधल्या एका खणातून. तेथे फक्त मधल्या कड्या कापाव्या लागतात आणि कापलेली टोके पेलायला नवी आडवी कडी द्यावी लागते. त्याआधी त्या खणावरची माती उतरवून घ्यावी. खण अनेकदा पाच-सहा फुटांचाच असतो, तर चाकांची खुर्ची आणि तिच्यामागे एक माणूस मावायला लिफ्टच्या आत साधारण १.१ मीटर रुंदी व १.४ मीटर खोली लागते. तेव्हा आधी खण मोजावा आणि नंतरच कंपनीशी बोलावे.

जमिनीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुने गावठाण पांढरीवर वसलेले असते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती आणि पडझड यांच्या भरावावर. त्याखाली काळी माती लागली तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यातच धान्य साठवण्याची जमिनीतली बुजवलेली पेवे कोठे आहेत हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नेहमी ठाऊक नसते. ठरलेल्या जागी पहार ठोकत जावे. भरीव जमिनीवर पहार ठणकते, पेवावर मात्र आवाज खोल आणि बोदा येतो, आणि मध्येच ती हातभर आत जाते. तशी शंका आली तर पेव पूर्ण उकरून, मुरूम थराथराने धुमसून भरावे किंवा जागा बदलावी. पाया मुरमापर्यंत न्यावा, भिंतीच्या पायाला खेटून खोल खणू नये आणि हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत उरकावे. चौकात पावसाचे पाणी उतरते, म्हणून लिफ्टचे तळ एक पायरी उंच ठेवावे.

म्हणूनच खोल खड्डा लागणारी नेहमीची दोरांची लिफ्ट मी सुचवणार नाही. स्क्रूवर चढणारी, स्वतःच्या पोलादी चौकटीसह येणारी लिफ्ट आपल्या वाड्याला योग्य वाटते. तिला जेमतेम दोन इंचांचा खड्डा पुरतो आणि ती साधारण ४०० किलो वजन उचलते. ती सावकाश चालते, पण दोन मजल्यांसाठी त्याने काही बिघडत नाही. हवेच्या दाबावर चालणारी गोल लिफ्टही खड्ड्याशिवाय बसते आणि उतरताना तिला जवळजवळ वीज लागत नाही, मात्र तिच्या लहान आकारांत चाकांची खुर्ची मावत नाही आणि वर जाताना मोटारीचा आवाज बराच होतो. कडीपाटाखाली बसवायची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. माळवदाची बारीक पांढरी माती फटींतून सतत झिरपते आणि वंगणात मिसळून त्याचा चिखल होतो, तेव्हा चौकटीवर बंद छत हवेच.

चौकट वाड्याला घट्ट जखडू नये. भूकंपात लाकूड आणि पोलाद वेगवेगळ्या लयीत हलतात, त्यामुळे मध्ये दोन-तीन इंचांची मोकळी फट ठेवून उतरण्याचा ओटा लिफ्टच्या चौकटीलाच जोडावा आणि फटीवर एका बाजूने सुटी राहणारी पट्टी टाकावी. वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरी आपल्या भागात अत्यावश्यक आहे.

उभारणीपूर्वी परवानगी आणि चालवण्यापूर्वी परवाना, दोन्ही २०१७ च्या महाराष्ट्राच्या लिफ्ट कायद्यानुसार निरीक्षकाकडून घ्यावे लागतात. वाड्यात हिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. बीबी का मकबरा किंवा दौलताबादसारख्या केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागते; इतर कोणी वाचक अशा ठिकाणी राहत असतील तर त्यांनी हे पाहावे.

कंपनीला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लिफ्टचा कोणता भार नेमका कोठे उतरतो याचा नकाशा लेखी मागावा आणि दगडमातीच्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला तो प्रत्यक्ष वाड्यात उभे राहून तपासायला लावावा. नकाशात भिंतीत ठोकायचा एकही बोल्ट दिसला, तर तो बदलून घेतल्याशिवाय सही करू नये.