एमआरआयमध्ये गाठ दिसली म्हणजे ब्रेन कॅन्सरच का? प्रकार, लक्षणं आणि उपचार काय?

वडिलांच्या एमआरआयमध्ये गाठ निघाली आणि घरात सगळ्यांनी कॅन्सर ठरवूनच टाकलाय असं लिहिलंय तुम्ही. मी न्यूरोसर्जरी वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतंच. तर नाही, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून येणारी गाठ, ही बहुतेक वेळा साधीच असते, हळू वाढते, लहान असेल आणि त्रास नसेल तर कधी कधी नुसतं ठराविक महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवतात.

पण साधी आहे म्हणून निर्धास्त पण राहू नका, कारण कवटीत जागाच नसते, त्यामुळे गाठ कुठे आहे याला खूप महत्त्व आहे आणि लक्षणंही त्यावरच ठरतात. कानाच्या नसेवर असेल तर एका कानाने कमी ऐकू येतं, फोन नकळत दुसऱ्या कानाला लावायला लागतात. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची असेल तर दोन्ही बाजूंचं कडेचं दिसत नाही, काहींची अंगठी चप्पल घट्ट व्हायला लागते, आणि त्यातला प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन बनवणारा प्रकार बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांवर आटोक्यात येतो! ऑपरेशन लागलं तरी पिट्युटरीचं बहुतेकदा नाकातून करतात. लहान मुलांत जास्त करून मागच्या बाजूला, छोट्या मेंदूत असते, मग तोल जातो, सकाळी सकाळी उलट्या.

नुसतं डोकं दुखतं म्हणून ट्यूमर असं फार क्वचित निघतं. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, एका बाजूचा हातपाय कमजोर झाला, शब्द सापडेनासे झाले, स्वभावच बदलला, किंवा डोकेदुखी पहाटे जास्त आणि खोकलं वाकलं की वाढते, तर मात्र थांबू नका.

खरं वाईट म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, मेंदूतच सुरू होणारा कॅन्सर, ग्रेड 4 म्हणजे सगळ्यात वरची, झपाट्याने वाढणारी पायरी. ऑपरेशन, मग साधारण सहा आठवडे रेडिएशन (लोक लाईट देणं म्हणतात ते) आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, 2005 पासून हीच मुख्य पद्धत आहे आणि तरी तो बहुधा परत येतो, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शिवाय फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलेलाही असू शकतो, म्हणून कधी कधी छातीपोटाचा स्कॅन पण सांगतात, घाबरू नका त्याला. नक्की प्रकार बहुतेकदा बायोप्सीवरच, म्हणजे गाठीचा तुकडा तपासूनच कळतो, त्यात आता जनुकांच्या टेस्टही असतात (आयडीएच नावाचं जनुक वगैरे) म्हणून रिपोर्टला वेळ लागतो.

एक गोष्ट आम्ही नेहमी बघतो, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं की दोन दिवसांत पेशंट उठून बसतो, गप्पा मारतो, जेवतो आणि नातेवाईक म्हणतात बरं वाटतंय आता ऑपरेशन कशाला. अहो त्याने गाठीभोवतीची सूज उतरलेली असते, गाठ आहे तिथेच आहे. आणि ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद पण करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

फिटच्या गोळ्या असतील तर वेळ चुकवू नका. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली की सरळ ॲम्ब्युलन्स.