सातत्य की संगती?

सांगलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: "आम्ही मित्र सुपरहिरोंच्या पिक्चरवर रोज बोलतो. या पिक्चरचं, मालिकांचं विश्व एकच असतं, म्हणून एकातलं दुसऱ्यात चुकलं की 'कंटिन्युइटी गंडली' म्हणतो. परवा मी तेच 'सातत्य बिघडलं' असं लिहिलं, तर सगळ्यांना खटकलं. बरोबर शब्द कोणता? आणि कॅनन, रेटकॉन यांना काय म्हणायचं?"

खटकलं ते योग्यच. 'सतत'च्या मुळाशी तन् म्हणजे ताणणे हा धातू आहे. धागा मध्ये न तुटता लांबत गेला, ते सातत्य. रोज पहाटे उठून तालमीत जोर मारणाऱ्याकडे सातत्य असतं. 'संगती'त गम् म्हणजे जाणे आणि सम् म्हणजे बरोबर. दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात, ती संगती. तुमची मंडळी ज्याच्यावरून भांडतात ती संगती आहे.

दोन्हींतला फरक बघायला २०१७ हे एकच साल पुरे. सुपरहिरोंचे पिक्चर काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने त्या वर्षी तीन चित्रपट आणले. सातत्यात काहीच कमी नव्हती. पण त्यातल्याच 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लढाईनंतरचा राडारोडा उपसताना दाखवतात आणि मग पडद्यावर अक्षरं येतात, 'आठ वर्षांनंतर'. ती लढाई २०१२ ची, 'ॲव्हेंजर्स' या पिक्चरमधली. म्हणजे पुढची गोष्ट २०२० ची झाली. पण २०२० साली हा स्पायडर-मॅन पोरगा जिवंतच नसायला हवा! थॅनोस या खलनायकाने चुटकी वाजवून त्याची राख केली ती २०१८ मध्ये, आणि पाच वर्षं तो नाहीसाच होता. दोन आकडे बोटांवर मोजले असते तरी हे कळलं असतं. सातत्य शाबूत, संगती गेली. म्हणूनच 'सातत्य बिघडलं' वाचून कुणाला वाटेल की पिक्चर यायचे थांबले.

कुणी म्हणेल, संगती म्हणजे सोबत, 'वाईट संगतीला लागला' असं आपण म्हणतोच की. म्हणतो, पण मराठी कान तिथे फसत नाही. 'संगतीला लागला' आणि 'संगती लागली' यांच्यात एका 'ला'चा फरक आहे आणि तेवढ्याने अर्थ पार बदलतो. बखरींतल्या उलटसुलट हकिकती समोर ठेवून इतिहासकार घटनांची संगती लावतो. सिनेमाच्या चाहत्याचं कामही नेमकं तेच आहे, म्हणून हा शब्द मला या चर्चेला फार शोभतो असं वाटतं. शिवाय उलट शब्दही हाताशी आहे, विसंगती. सातत्याला असा सुटसुटीत उलट शब्द नाही.

बोलण्यातला शब्द मात्र वेगळा आहे, आणि तो मला मिरजेहून सांगलीला येताना बसमध्ये मिळाला. पुढच्या सीटवर दोन पोरं, मार्व्हलच्या थॉर या वीराचा कपटी भाऊ लोकी याच्यावर बोलत होती.

"लोकी मेलाय की रं, मग त्याची शिरेल कुठनं आली?"

"ह्यो दुसरा. दोन हजार बाराचा. एंडगेम पिक्चरमध्ये हिरो लोक काळात मागं जात्यात बघ, तवा ह्यो तिथनं पळालाय."

"हां, आत्ता बसला मेळ."

मेळ! पेठेत हळदीच्या अडत दुकानात संध्याकाळी रोख मोजून मेळ बघतात, तोच हा मेळ. सालं, वयं, कोण कधी मेला, असा हिशोबाचा मामला असेल तिथे मी डोळे झाकून मेळच म्हणेन. 'आठ वर्षांनंतर'चा मेळ बसत नाही. स्वभाव, हेतू, जगाचे नियम यांबद्दल बोलताना संगती बरी.

'लिंक लागत नाही' हेही आपल्याकडे सर्रास चालतं. चालू दे. पण लिंक म्हणजे दुवा, दोन कड्यांमधला. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये नावं संपल्यावर वीरांना एकत्र आणणारा निक फ्युरी येतो, तो पुढच्या पिक्चरशी जोडणारा दुवा. दुवे भरपूर असूनही संगती नसते, असंही होतं.

आता कॅनन, म्हणजे त्या विश्वाची खरी गोष्ट म्हणून काय मानायचं ते. इथे आपल्याला काही घडवावं लागत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं, यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली म्हणून समजा. बाहेरून घुसलेल्या अशा मजकुराला आपण प्रक्षिप्त म्हणतो, आणि मानायच्या त्याला प्रमाण. २०१५ ला सुरू झालेली, वकील असलेल्या सुपरहिरोची 'डेअरडेव्हिल' मालिका प्रमाण की नाही, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालत होते. २०२१ च्या 'नो वे होम' या स्पायडर-मॅनच्या पिक्चरमध्ये तोच नट तोच वकील होऊन आला, तेव्हा पारडं फिरलं. बोलताना 'ती मालिका धरायची का?' एवढं पुरतं. 'धरणे' हे क्रियापद इथे चपखल बसतं.

रेटकॉन म्हणजे मागाहून नवी माहिती देऊन जुन्या गोष्टीचा अर्थ बदलणं. याला सारवासारव म्हणू नका, त्यात लपवाछपवीचा वास आहे. मी ठिगळ म्हणतो. २०११ च्या 'थॉर'मध्ये थॉरचा बाप ओडिन याच्या खजिन्यात रत्नं जडवलेला हातमोजा दिसला होता. पुढे त्याच रत्नांच्या मागे लागलेल्या थॅनोसची गोष्ट वाढली, रत्नं तर विश्वभर विखुरलेली, मग हा हातमोजा इथे कसा? पुन्हा २०१७ च, थॉरचाच पिक्चर 'रॅग्नारोक'. त्यातली खलनायिका हेला खजिन्यात येते, हातमोज्याकडे बघते, खोटा आहे म्हणते आणि हाताने लोटून देते. एका शब्दाचं ठिगळ, सहा वर्षांपूर्वीच्या भोकावर नेमकं बसलेलं. ठिगळ शब्दात कमीपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातली वाकळ उलगडून बघावी. सगळी ठिगळंच असतात, आणि थंडीत तीच अंगावर घेतो आपण.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'होमकमिंगमध्ये सालांचा मेळ बसत नाही, त्यामुळे पुढच्या पिक्चरची संगती लागत नाही, यावर ठिगळ कुठलं लावणार?'