प्रश्न वाचकांचे : सेंटर कोर्टवरची आजची झुंज

विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचे दोन्ही उपान्त्य सामने शुक्रवारी रात्री संपले आणि शनिवारी सकाळपासूनच या सदराकडे प्रश्न येऊ लागले. आज, रविवार, १६ जुलै २०२३ रोजी ३६ वर्षांचा गतविजेता नोव्हाक जोकोविच आणि २० वर्षांचा कार्लोस अल्कराझ अंतिम सामन्यात समोरासमोर येत आहेत. सामना लंडनमध्ये दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे सायंकाळी साडेसहाला सुरू होईल. पावसामुळे आपल्या कोल्हापूर शहरातील मातीची टेनिस कोर्टे सध्या बंद असली, तरी खेळाची चर्चा मात्र बंद नाही, हे आलेल्या प्रश्नांवरून दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

अल्कराझला अग्रमानांकन आहे आणि जागतिक क्रमवारीतही तो पहिला आहे. तरीही सर्वत्र त्याला आव्हानवीर का म्हटले जाते? — एक वाचक, ताराबाई पार्क

क्रमवारी ही बावन्न आठवड्यांची गोळाबेरीज असते, तर विम्बल्डनच्या हिरवळीवरील मान वर्षानुवर्षांच्या विजयांतून मिळतो. जोकोविचने येथे २०११, २०१४, २०१५, २०१८, २०१९, २०२१ आणि २०२२ अशी सात विजेतेपदे मिळवली आहेत. २०१७ च्या उपान्त्यपूर्व फेरीत कोपराच्या दुखापतीमुळे त्याने सामना अर्ध्यावर सोडला, त्यानंतर या स्पर्धेत त्याला कोणीही हरवू शकलेले नाही. सेंटर कोर्टवरील त्याचा शेवटचा पराभव तर २०१३ च्या अंतिम सामन्यात अँडी मरेकडून झाला होता आणि त्या वेळी अल्कराझ १० वर्षांचा होता. या वर्षीची ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ही दोन्ही विजेतेपदेही जोकोविचकडेच आहेत. अल्कराझने गेल्या वर्षी अमेरिकन स्पर्धा जिंकली असली, तरी विम्बल्डनमध्ये यापूर्वी तो चौथ्या फेरीपलीकडे गेलेला नव्हता. तेव्हा आव्हानवीर हा शब्द योग्यच आहे. आज जो जिंकेल, तोच उद्याच्या क्रमवारीत पहिला असेल.

मी कुस्तीतला माणूस आहे. आमच्याकडे छत्तिशीतला मल्ल आखाडा सोडून वस्तादकी पत्करतो. सोळा वर्षांनी लहान असलेल्या गड्याशी चार-पाच तास झुंजण्याचा दम या वयात येतो कोठून? — एक वाचक, गंगावेस

आपण विचारता ते खरे आहे. दोघांच्या वयात सोळा वर्षांना केवळ काही दिवस कमी इतके अंतर आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात निकाली कुस्ती लागली, की पकड सुटेपर्यंत विश्रांती नसते आणि म्हणूनच दमसास संपलेला मल्ल लपवू म्हटले तरी लपत नाही. टेनिसची रचना वेगळी आहे. येथे दोन गुणांमध्ये पंचवीस सेकंद मिळतात, बाजू बदलताना दीड मिनिट आणि सेट संपल्यावर दोन मिनिटे मिळतात. जुना खेळाडू या सेकंदांचा हिशेब ठेवतो. चेंडू जमिनीवर किती वेळा आपटायचा, टॉवेलकडे कधी जायचे, श्वास कधी खाली आणायचा हे जोकोविचने अंगवळणी पाडले आहे आणि माझ्या मते त्याच्या टिकून राहण्यात या सवयीचा वाटा फोरहँडइतकाच आहे.

दुसरे म्हणजे, तो डाव ओळखतो. प्रतिस्पर्ध्याचा खांदा कोठे वळतो यावरून सर्व्हिस कोठे येणार याचा अंदाज घेऊन तो आधीच अर्धे पाऊल टाकतो, त्यामुळे त्याला धावावे कमी लागते. शुक्रवारी यानिक सिन्नरविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-५ आणि १५-४० अशी बिकट अवस्था असताना त्याने आपली सर्व्हिस राखली, पुढे ६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा टायब्रेकर जिंकला आणि सामना ६-३, ६-४, ७-६ असा संपवला. या स्पर्धेत आतापर्यंत त्याला खेळावा लागलेला प्रत्येक टायब्रेकर त्याने जिंकला आहे. पॅरिसमध्येही सहाच्या सहा जिंकले होते. टायब्रेकरमध्ये पायांपेक्षा डोके शांत असणे अधिक लागते आणि तेथे वय आडवे येत नाही.

मात्र वय कधीच आडवे येत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९७४ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या केन रोझवॉलला २१ वर्षांच्या जिमी कॉनर्सने ६-१, ६-१, ६-४ असे हरवले होते. उपान्त्य सामन्यात दोन सेट गमावल्यावर स्टॅन स्मिथला नमवून रोझवॉल तेथे पोहोचला होता आणि अंतिम सामन्यासाठी त्याच्या अंगात फारसे काही उरले नव्हते. हाच रोझवॉल १९५४ मध्ये, १९ वर्षांचा असताना, यारोस्लाव ड्रॉब्नीकडून येथेच अंतिम सामना हरला होता. वीस वर्षांच्या अंतराने तो एकदा तरुण म्हणून आणि एकदा वयस्क म्हणून हरला, आणि विम्बल्डनचा एकेरीचा चषक त्याला कधीच मिळाला नाही. मला ही गोष्ट आठवली, की आजही वाईट वाटते.

गेल्या महिन्यात पॅरिसमध्ये अल्कराझच्या अंगात पेटके आले आणि एकतर्फी सामना झाला. आज पुन्हा तसेच होईल का? त्याचा दम कमी आहे, असे समजावे का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कसबा बावडा

आलेल्या सर्व प्रश्नांमध्ये मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

९ जूनला फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पहिला सेट जोकोविचने ६-३ आणि दुसरा अल्कराझने ७-५ असा जिंकला होता. हे दोन सेटच दोन तासांहून अधिक चालले आणि त्यांत जे टेनिस झाले, ते मी या वर्षात पाहिलेल्या खेळांत सर्वोत्तम होते. तिसऱ्या सेटमध्ये १-१ अशी बरोबरी असताना अल्कराझच्या पायांत गोळे आले. पेटक्यांवर उपचार घेण्यासाठी त्याला पुढचा गेम सोडून द्यावा लागला आणि त्यानंतरचे दोन्ही सेट ६-१, ६-१ असे गेले.

आता यावरून दम कमी आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी गेल्या वर्षीची अमेरिकन स्पर्धा आठवून पाहावी. त्या स्पर्धेत या मुलाने चिलिच, सिन्नर आणि टियाफो यांच्याविरुद्ध लागोपाठ तीन सामने पाच-पाच सेट खेळून जिंकले, त्यांपैकी सिन्नरविरुद्धचा सामना सव्वापाच तास चालून पहाटे तीनच्या सुमारास संपला, आणि एवढे होऊनही अंतिम सामन्यात त्याने कॅस्पर रूडला चार सेटमध्ये हरवून विजेतेपद घेतले. ज्याचे शरीर हे सोसू शकते, ते दोन तासांत का आखडावे? याचे उत्तर त्याने स्वतःच सामन्यानंतर प्रामाणिकपणे दिले : जोकोविचसमोर उभे राहण्याचा ताण त्याला पेलला नाही.

ताणाखाली असलेला खेळाडू रॅकेट गरजेपेक्षा घट्ट धरतो, श्वास रोखून फटका मारतो आणि प्रत्येक चेंडूसाठी आवश्यक त्याहून अधिक ताकद खर्च करतो. स्नायू सतत आवळलेले राहिले, की ते लवकर थकतात आणि मग पाणी व मीठ कितीही पोटात गेले तरी पेटके टळत नाहीत. म्हणून पॅरिसचा पराभव मी पायांचा मानत नाही, तर मनाचा मानतो. एका खेळाडूला हे दुखणे पाच आठवड्यांत दूर करता येते का, हाच आजच्या सामन्याचा खरा प्रश्न आहे आणि दोघांच्या फटक्यांची तुलना त्याच्यानंतर येते.

माझ्या मते ते अशक्य नाही. मे २०२२ मध्ये माद्रिदला, नुकताच १९ वर्षांचा झालेला अल्कराझ एका दिवशी नदालला आणि दुसऱ्या दिवशी जोकोविचला हरवून गेला होता आणि जोकोविचविरुद्धचा तो सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरपर्यंत लांबला होता. तेव्हा त्याला गमावण्यासारखे काही नव्हते. पॅरिसमध्ये तो अग्रमानांकित म्हणून उतरला आणि ते ओझे त्याला झेपले नाही. आज सुरुवातीलाच कौल दिसेल. पहिल्या तीन-चार गेममध्ये तो दुसऱ्या सर्व्हिसवर पुढे सरकून परतीचा फटका मारतो की मागे राहून केवळ चेंडू परत ठेवतो, चुकल्यावर आपल्या प्रशिक्षकाकडे, युआन कार्लोस फेरेरोकडे, हसून पाहतो की नजर चुकवतो, याकडे लक्ष द्यावे. हा मुलगा हसत खेळतो तेव्हाच चांगला खेळतो.

हिरवळीवर चेंडू खाली राहतो, मग अल्कराझचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरकी देऊन चेंडू उंच उसळवणारा फटका, तेथे चालेल का? — एक वाचक, नागाळा पार्क

पूर्वी चालला नसता. २००१ पासून विम्बल्डनची हिरवळ पूर्णपणे राय जातीच्या गवताची केली जाते, ते आठ मिलिमीटर उंचीवर कापले जाते आणि खालची जमीन कठीण राखली जाते. त्यामुळे चेंडू पूर्वीपेक्षा बरा उसळतो आणि मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यालाही संधी मिळते. शिवाय दुसऱ्या रविवारपर्यंत मागच्या रेषेजवळचे गवत झिजून माती उघडी पडलेली असते. तेथे पाय रोवता येतात, पण उसळी मात्र कधी कधी फसवी होते. जाळ्याजवळ अजून गवत शिल्लक असते आणि तेथे टाकलेला ड्रॉप शॉट जागीच मरतो. अल्कराझचा ड्रॉप शॉट अस्सल आहे. तो जोरकस फोरहँडचा आव आणून शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडतो, आणि प्रतिस्पर्धी तोवर मागे सरकलेला असतो. जोकोविचला पुढे ओढायचे आणि मग त्याच्या डोक्यावरून किंवा अंगाजवळून चेंडू काढायचा, हा डाव आज अनेकदा दिसेल.

हिरवळीवर पाय टाकायला मात्र तो अलीकडेच शिकला आहे. गेल्या महिन्यात क्वीन्स स्पर्धा जिंकून त्याने गवतावरील पहिले विजेतेपद मिळवले. शुक्रवारी डॅनिल मेदवेदेवला त्याने ६-३, ६-३, ६-३ असे हरवले, आणि दोन वर्षांपूर्वी याच मेदवेदेवने याच स्पर्धेत त्याला सहज बाहेर काढले होते. इतक्या थोड्या काळात इतकी प्रगती मी क्वचितच पाहिली आहे.

मी आयुष्यभर फेडररचा चाहता आहे. जोकोविचने आठवे विजेतेपद घेऊन त्याची बरोबरी करू नये असे मनापासून वाटते. हे खिलाडूपणाचे नाही का? — एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

सर, यात खिलाडूपणाला बाधा येत नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात ३७ वर्षांच्या फेडररला स्वतःच्या सर्व्हिसवर दोन मॅचपॉइंट मिळाले होते, ते जोकोविचने वाचवले आणि ४ तास ५७ मिनिटांनंतर पाचव्या सेटच्या टायब्रेकरमध्ये तो जिंकला. ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनातून जाणार नाही, आणि मीही त्यांतला एक आहे. तरीही आज जे पणाला लागले आहे, त्याची थोरवी मान्य करावी लागते : विम्बल्डनचे आठवे आणि सलग पाचवे विजेतेपद, एकूण २४ वे ग्रँडस्लॅम, आणि एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकण्याच्या वाटेवरचे तिसरे पाऊल. पुरुषांमध्ये ते १९६९ मध्ये रॉड लेव्हरने केले, त्यानंतर कोणालाही जमलेले नाही. जोकोविचचे २०२१ मध्ये अगदी शेवटच्या सामन्यात हुकले होते. दुसरीकडे अल्कराझ जिंकला, तर बेकर आणि बोर्ग यांच्यानंतर खुल्या युगातील, म्हणजे व्यावसायिकांना प्रवेश मिळाल्यापासूनच्या (१९६८ नंतरच्या) काळातील, तो सर्वांत तरुण विम्बल्डन विजेता ठरेल. आपण ज्याच्या बाजूने असाल, त्याच्या बाजूने निःसंकोच राहावे.

कोण जिंकेल, ते एका वाक्यात सांगा. — अनेक वाचक

जोकोविच, चार सेटमध्ये. पण पहिल्या दोन सेटपैकी एक जरी अल्कराझने घेतला आणि तेव्हा त्याचे पाय मोकळे असले, तर माझा हा अंदाज मी स्वतःच बाजूला ठेवीन.

माझा मुलगा बारा वर्षांचा असून गेली दोन वर्षे टेनिस शिकतो. त्याला हा सामना कसा पाहायला सांगू? सोमवारी सकाळी शाळा आहे, तेव्हा किती वाजेपर्यंत जागू द्यावे? — एक आई, राजारामपुरी

ताई, चेंडूकडे पाहू नकोस असे त्याला एक-दोन गेमपुरते सांगावे आणि केवळ सर्व्हिस घेणाऱ्याच्या पायांकडे पाहायला लावावे. समोरच्याने चेंडू मारण्याच्या क्षणी दोघेही टाचा उचलून जी लहानशी उडी घेतात, ती कोणत्याही फटक्याआधीची तयारी आहे आणि मुले सर्वांत आधी तीच विसरतात. नंतर एक सेट गुण गमावल्यानंतरचे पंचवीस सेकंद पाहायला सांगावेत : कोण पाठ फिरवून तारा सरळ करतो, कोण स्वतःशी बोलतो, कोण टॉवेलकडे जातो. गेल्या वर्षी सिन्नरविरुद्ध दोन सेट मागे पडल्यावर जोकोविच विश्रांतिकक्षात गेला, आरशासमोर उभे राहून त्याने स्वतःला समजावले आणि परत येऊन पुढचे तीनही सेट जिंकले. ही गोष्ट त्याला जरूर सांगावी. आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव गेल्या वर्षी विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली, हेही त्याला ठाऊक असेलच. नसेल तर सांगावे, म्हणजे पडद्यावरचे ते गवत त्याला इतके लांबचे वाटणार नाही.

जागण्याबद्दल म्हणाल, तर पहिले दोन्ही सेट जोकोविचने घेतले असतील, तर मुलाला जेवू घालून वेळेवर झोपवावे. एक-एक अशी बरोबरी असेल, तर मात्र त्याला शेवटपर्यंत बसू द्यावे. पाचव्या सेटमध्ये सहा-सहा गेम झाले, तर दहा गुणांचा टायब्रेकर होतो, त्यामुळे साडेअकराच्या आसपास निकाल लागायला हरकत नाही.