कुर्ल्याच्या बाजारातून स्विफ्टची वापरलेली सबफ्रेम घेतोय. दुकानदार म्हणतो 'सगळ्या स्विफ्ट-डिझायरला एकच'. बसेल का, कसं तपासू?

एकच नाही. (सबफ्रेम म्हणजे इंजिनखालची लोखंडी चौकट; पुढच्या चाकांना धरणारे खालचे दांडे, म्हणजे लोअर आर्म, हिलाच बसतात.) आणि दुकानदार जे सांगतो ते फक्त बोल्ट लागण्यापुरतं असतं.

तुमची गाडी २०१७ ची असेल तर आधी हे बघा. मे २०१७ मध्ये डिझायर नव्या प्लॅटफॉर्मवर गेली, स्विफ्ट मात्र २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुन्याच प्लॅटफॉर्मवर होती. म्हणजे एकाच सालच्या दोन गाड्या, खालचा सांगाडा वेगळा. उलट टॅक्सीसाठी जुनी डिझायर 'टूर' नावाने पुढेही विकली जात होती, आणि बाजारात येणाऱ्या टॅक्स्या काही कमी नाहीत. त्यामुळे नुसतं साल विचारून उपयोग नाही. आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जा, 'सस्पेन्शन फ्रेम' म्हणून पार्ट नंबर काढून घ्या, आणि ज्या गाडीतून फ्रेम काढली तिचाही चेसिस नंबर दुकानदाराकडे मागा. दोन्ही नंबरांना एकच पार्ट नंबर निघाला तरच पुढे बोला.

आता मुख्य गोष्ट. कोल्हापुरात माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडी एका बाजूला ओढायला लागली की लोक पहिला दोष आम्हाला देतात. आमच्या दाजींची २०१३ ची डिझेल स्विफ्ट डिव्हायडरला घासली, फ्रेम गेली. त्यांच्या मिस्त्रीने जुन्या बाजारातून दुसरी आणली आणि बसवली. बोल्ट सगळे हाताने लागले म्हणून दोघेही खूश. मग गाडी माझ्याकडे आली, कारण ती डावीकडे ओढत होती. मशीनवर टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बरोबर करून दिला, तरी ओढणं थांबेना. डाव्या चाकाचा कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) उजव्यापेक्षा कमी दिसत होता, फरक अर्ध्या अंशाहून जास्त. या गाडीला पुढे फक्त टो सेट करता येतो. कास्टर आणि कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल) फिरवायला कंपनीने काही ठेवलेलंच नाही, ते फ्रेम आणि बॉडीवरच ठरतं. हे मी दाजींना समजावलं, तर म्हणाले, ''तुझं मशीन जुनं झालंय.''

मिस्त्री म्हणाला बोल्ट सैल करून फ्रेम थोडी सरकवू. भोकांत थोडी फट असते, तेवढं सरकवलं, पुरलं नाही. शेवटी फ्रेम उतरवून उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याच्या सरफेस प्लेटवर (मापं घ्यायच्या एकदम सपाट पाटावर) ठेवली आणि कर्ण मोजले: डाव्या लोअर आर्मच्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या बॉडी बोल्टपर्यंत, आणि तसंच उलट. डावं भोक जवळजवळ सहा मिलिमीटर मागे गेलेलं. ज्या गाडीतून ती काढली तिने डाव्या चाकावर मार खाल्ला होता, एवढंच. वरून काळा रंग मारलेला, त्यामुळे डोळ्याला काहीच दिसलं नव्हतं.

हे मोजायला मशीन लागत नाही. टेप पुरे, फक्त भोकाच्या मधोमध अंदाज धरू नका. एका भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत घ्या, दोन्ही कर्णांना सारखंच. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती फ्रेम घेऊ नका, कितीही स्वस्त असो. वेल्डिंगचा डाग, प्रेसने सरळ केल्याची खूण, आर्मच्या भोकाभोवती तडकलेला रंग: यातलं एक जरी दिसलं तरी सोडा. कोकणातली किंवा पुरात बुडालेली गाडी असेल तर जोडाजवळ पेचकसाने ठोकून बघा, गंज आतून खातो. टॉर्क रॉडची (इंजिनला धरणाऱ्या दांड्याची) बैठक आणि स्टॅबिलायझरच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या सळईच्या) क्लॅम्पची भोकं तुमच्या जुन्या फ्रेमशी ताडून बघा, विशेषतः पेट्रोल-डिझेल अदलाबदल होत असेल तर.

दाजी अजूनही लग्नकार्यात चार माणसांसमोर म्हणतात की त्यांच्या मिस्त्रीची फ्रेम बरोबर होती, मीच जास्त पैसे घालवायला लावले. दुसरी मोजून आणलेली फ्रेम बसवल्यावर त्याच मशीनवर, त्याच गाडीचे आकडे दोन्ही बाजूंना जुळले, याचा प्रिंटआउट त्यांच्या हातात दिलेला आहे. टायर एका कडेने झिजून दोन टायर टाकायची वेळ आली असती तर 'स्वस्तातल्या' फ्रेमची किंमत किती झाली असती, हा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही.

आणखी दोन गोष्टी. फ्रेम उतरवताना स्टिअरिंगची जोडणी सुटते. त्यानंतर स्टिअरिंग फिरू देऊ नका, बांधून ठेवा, नाहीतर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या, बॉडीखाली वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांना यातलं काही लावू नका, तिथे चेसिसवर नंबर कोरलेला असतो आणि बदलायचं म्हटलं तर आरटीओचा विषय येतो. बिल मात्र घ्याच, आणि त्यावर 'माप न जुळल्यास परत' असं लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जा.