बढती मिळाली आणि जमेनासं झालं

“मॅडम, मी प्रश्न लिहून आणलेत. वाचून दाखवले तर चालतील ना?”

पहिल्या भेटीत खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं. वय ४४, एका चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुख. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) घडी घातलेल्या कागदावर तीन प्रश्न होते. मला ऑटिझम असू शकतो का? असेल तर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि असेल, तर मी हे पद सोडावं का? (ऑटिझम म्हणजे लहानपणापासूनची मेंदूची वेगळी घडण; त्यात माणसांशी संवाद साधणं आणि आवाज, उजेड, स्पर्श यांचा अनुभव इतरांपेक्षा वेगळा असतो.)

मी समुपदेशक आहे, आणि हे तीन प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, बहुतेक वेळा याच क्रमाने. विचारणारी माणसं कामात हुशार म्हणून नावाजलेली असतात आणि नुकतीच एखाद्या मोठ्या जबाबदारीवर आलेली असतात. म्हणून ही एक हकिगत जरा तपशिलात सांगते.

अठरा वर्षं त्या विश्लेषक होत्या. नमुने, उपकरणं, अहवाल. दशांशचिन्ह चुकलेलं त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रमुख केलं आणि हाताखाली ३८ माणसं आली. तेव्हापासून झोप तुटक झाली, सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा. संध्याकाळी घराखाली गाडी लावून त्या अंधारात तशाच बसून राहायच्या, कधी कधी चाळीस मिनिटं. “घरचे चांगले आहेत हो. पण वर गेल्यावर कुणी काही विचारलं, तर द्यायला शब्दच उरलेले नसतात.” ऑफिसातून निघायलाच उशीर होतो असं नवऱ्याला वाटायचं, आणि त्यांनीही तो समज तसाच राहू दिला होता.

सुरुवातीला माझी एक चूक झाली. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “हे सांगताना आत्ता काय वाटतंय?” त्या गप्प होत. मला वाटलं, विषय टाळताहेत. दोन भेटी अशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी प्रश्न बदलला: “रविवारी रात्री तुमचं शरीर काय करतं?” त्यावर त्या सलग दहा मिनिटं बोलल्या. खांदे कानांपर्यंत चढतात, ट्यूबलाइटचा गुणगुणाट ऐकू येऊ लागतो, चादरीची शिवण पायाला टोचते. आपल्या भावना ओळखणं, त्यांना नाव देणं अनेक ऑटिस्टिक माणसांना अवघड जातं. काही ऑटिस्टिक नसलेल्यांनाही जातं. त्या काहीही टाळत नव्हत्या. प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करत होता.

चौथ्या भेटीत पर्समधून एक छोटी वही निघाली. ती दाखवताना त्यांचा हात थरथरत होता. प्रत्येक सहकाऱ्यासाठी एक पान. वर नाव आणि खाली नोंदी: ‘आईचं ऑपरेशन, सोमवारी विचारणे.’ ‘मुलीची परीक्षा संपली का?’ ‘विनोद करतात तेव्हा थांबून हसणे, लगेच विषय बदलू नये.’ एका पानावर नुसतं एवढंच होतं: ‘हिला सल्ला नको असतो. ऐकून घेणे.’ शेवटच्या पानांवर वाक्यं लिहून ठेवलेली. बैठक सुरू करताना काय म्हणायचं, कुणी रडू लागलं तर काय म्हणायचं.

“बाकीच्यांना हे आपोआप सुचतं,” त्या म्हणाल्या. “मी पाठ करते. मी ढोंगी आहे, मॅडम. माणसांची कदर असल्याचं नाटक करते.”

ती वही मी बराच वेळ हातात धरून होते. ३८ माणसांच्या आयुष्यात काय चाललंय हे इतक्या बारकाईने टिपून ठेवणारा प्रमुख मी क्वचित पाहिला आहे. कदर नसलेला माणूस अशी वही लिहीत नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि आजही माझं तेच मत आहे. इतरांना जे न ठरवता जमतं, ते त्या ठरवून, कष्टाने करत होत्या. फरक एवढाच होता. पण त्या कष्टाची नोंद कुठल्याच हजेरीपत्रकावर होत नाही.

या कष्टाला अभ्यासक ‘कॅमोफ्लाजिंग’ किंवा ‘मास्किंग’ म्हणतात. चारचौघांत उठून दिसू नये म्हणून आपलं वेगळेपण झाकणं, संवाद आधी रचून ठेवणं, नजर ठरवून रोखणं. बरीच वर्षं हे असंच चाललं की काही जणांची शक्तीच संपते. साधं बोलणं जमत नाही, आवाज आणि उजेड सोसवत नाहीत, पूर्वी सहज येणारी कामं येईनाशी होतात. याला आता ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ म्हणतात. वरून ते नैराश्यासारखं दिसतं आणि कधी सोबत नैराश्य असतंही. म्हणूनच तपासणाऱ्याने दोन्हींकडे पाहायला हवं. नुसतं ‘माणसांत मिसळा, बाहेर पडा’ असं सांगितलं तर अशा माणसाचा थकवा वाढूही शकतो.

आता त्यांचा दुसरा प्रश्न: इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ मध्ये आली. ऑटिझमच्या निकषांत तिथे स्पष्ट म्हटलं आहे की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण समाजाच्या अपेक्षा माणसाच्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे उघड होतीलच असं नाही, आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात. हा मजकूर मी त्यांना मराठीत सांगितला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला आणि लिहून घेतला. विश्लेषक असताना काम आखीवरेखीव होतं, नियम लेखी होते, सोबतची माणसं मोजकी आणि ओळखीची होती. त्या चौकटीनेच त्यांना अठरा वर्षं सांभाळलं. बढतीने चौकट काढून घेतली. त्या कमकुवत झाल्या नव्हत्या, ओझ्याचा प्रकार बदलला होता. शिवाय त्यांच्या लहानपणी ऑटिझम म्हटलं की न बोलणारं, स्वतःत हरवलेलं मूल, बहुधा मुलगाच, डोळ्यांसमोर यायचा. पहिल्या नंबरात येणाऱ्या, शांत बसणाऱ्या मुलीबद्दल कुणाच्या मनात शंका येणार होती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, कारण ते मला देता येत नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा या कामाचा अनुभव असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतो. त्यांनी ऑनलाइन ५० प्रश्नांची एक चाचणी सोडवली होती. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली ती एक्यू (ऑटिझम कोशंट) चाचणी. मूळ मांडणीत ३२ किंवा त्याहून जास्त गुण लक्षणीय धरले आहेत; त्यांना ३६ पडले होते. ती निव्वळ चाळणी आहे. तीव्र चिंता असेल, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर राहणं अवघड जाण्याचा त्रास) असेल, तरी गुण वर जाऊ शकतात. उलट आयुष्यभर झाकत आलेल्या माणसाला कमीही पडू शकतात. तपासणीला जरूर जा, असं मी म्हटलं. पण नंबर लागायला वेळ लागणार होता आणि गाडीतली ती चाळीस मिनिटं रोजची होती. तोवर निदानाची वाट न पाहता ओझं मोजायला घेतलं.

दोन आठवडे त्यांनी एक तक्ता ठेवला. काय घडलं, किती वेळ चाललं आणि त्यातून सावरायला किती वेळ लागला. हा तिसरा रकाना महत्त्वाचा. बाहेरून आलेल्या तपासनिसांचं दिवसभराचं ऑडिट, ज्याच्या धास्तीने बाकीचे आजारी पडत, त्यातून सावरायला त्यांना शून्य मिनिटं लागली. उलट मजा आली होती. प्रश्न नेमके, निकष लेखी, उत्तर बरोबर किंवा चूक. मात्र ‘जरा एक मिनिट’ म्हणत केबिनमध्ये डोकावणाऱ्यांनी एक सकाळ फोडली की सावरायला दुपार जायची. अकरा जण एकाच वेळी बोलणारी साप्ताहिक बैठक पूर्ण संध्याकाळ खायची. आणि सगळ्यात मोठा आकडा होता वरिष्ठांच्या एका मेसेजसमोर. मेसेज असा: ‘उद्या भेटा, जरा बोलायचंय.’ त्या रात्री झोप अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, सुट्टीच्या यादीबद्दल बोलायचं होतं.

तक्ता पाहून त्या म्हणाल्या, “म्हणजे मला काम जड जात नाहीये.” नव्हतंच जात. अनिश्चितता जड जात होती, आणि ऐनवेळी माणसांचा अंदाज घेणं.

मग एकेक गोष्ट बदलली. वरिष्ठांना त्यांनी एवढंच सांगितलं: विषय आधी कळला तर मी तयारीने येते, मेसेजमध्ये एक ओळ लिहाल का? त्यांनी सहज होकार दिला. त्यांच्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी जाऊ लागले आणि एका वेळी एकच बोलेल, हे सहायक पाहू लागला. त्याला माणसांची नस चटकन कळते, म्हणून वातावरणाचा अंदाज घेण्याचं काम अधिकृतपणे त्याच्याकडे दिलं. बैठकीनंतर पाच मिनिटं तो सांगतो, कोण नाराज होतं, कोण बोलता बोलता थांबलं. तातडीचं नसेल तर निर्णय जागेवर द्यायचा नाही. “उद्या सकाळी अकरापर्यंत लेखी कळवते” हे वाक्य वहीत गेलं. केबिनचं दार रोज ठरावीक दोन तास उघडं. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, टेबलावर दिवा. दोन बैठकांमध्ये वीस मिनिटं रिकामी, आणि ती कुणी मागितली तरी द्यायची नाहीत. हे शेवटचं त्यांना सर्वांत कठीण गेलं.

सगळं काही जुळून आलं नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला त्या कोरड्या वाटायच्या, अजूनही वाटतात. समारंभांत संस्थेचं प्रतिनिधित्व करायचं काम त्यांनी सोडलं, त्यावर कुजबुज झाली. पण एका बैठकीत त्या धीर करून म्हणाल्या, “मला आडून बोललेलं कळत नाही, सरळ सांगितलंत तर मला मदत होईल.” नंतर एक तरुण विश्लेषक येऊन म्हणाली, “मलाही तसंच आवडतं.” डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी ‘डबल एम्पथी’ची कल्पना मांडली: न समजणं दोन्ही बाजूंचं असतं, ऑटिस्टिक माणसाला इतर जितके कळत नाहीत, तितकाच इतरांनाही तो कळत नाही. एकट्यानेच जुळवून घ्यायचं ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

लक्षात घ्या, हे सगळे बदल ‘ऑटिझम’ हा शब्द न उच्चारता मागता आले. निदान झालं तरी ते ऑफिसात सांगायचं का, कुणाला, कधी, हा ज्याचा त्याचा निर्णय. मी त्यात घाई करू देत नाही, कारण एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. पण घरी त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि तसं मी म्हटलंही. एका शनिवारी त्यांनी नवऱ्याला गाडीतल्या चाळीस मिनिटांबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “वर येऊन बस की. खोलीचं दार लाव, आम्ही कुणी येणार नाही.” आता त्या वर येऊन बसतात.

तिसरा प्रश्न राहिला, पद सोडावं का? इतकं थकलेलं असताना एवढा मोठा निर्णय घेऊ नये, एवढंच मी तेव्हा म्हटलं. आधी ओझं उतरवून पाहू, सहा महिन्यांनी विचारू. माझ्याकडे येणारे दुसरे एक गृहस्थ असेच सहा महिने थांबले आणि विचार करून परत तांत्रिक कामावर गेले. आज ते समाधानी आहेत, आणि ती हार होती असं त्यांना वाटत नाही, मलाही नाही. या बाईंनी पद ठेवलं. दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण दोन्ही शुद्धीत घेतलेले होते.

मात्र वाचता वाचता कुणाला जाणवत असेल की आपण थकव्याच्या पुढे गेलो आहोत, जगणंच नको वाटतंय, तर तक्ते भरत बसू नका. निदान न झालेल्या, वर्षानुवर्षं झाकत जगलेल्या माणसांत हा धोका खरा आहे. आजच जवळच्या एकाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

त्यांच्या तपासणीची तारीख गेल्या आठवड्यात आली. आमच्या भेटीत त्यांनी पुन्हा कागद काढला. यावेळी त्यावर एकच प्रश्न होता: ती वही सोबत न्यावी का? मी म्हटलं, न्या. आणि जमलं तर आईंनाही घेऊन जा. तुम्ही लहानपणी कशा होतात, ते त्यांना आठवत असेल.